कोट तोच, शिबंदी नवी : प्रस्तावना

जेमतेम तीसेक पानांची पुस्तिका. कव्हर पानांना शिवलेलं नाही, सुटंच आहे. ते टेबलावर आडोशासारखं उभं केलं की आतल्या बाजूला फिकट निळ्या शाईत छापलेला नकाशा खेळ चालवणाऱ्यालाच दिसतो, समोरच्यांना नाही. नकाशात एक घळ आहे. घळीच्या दोन्ही अंगांना गुहांची तोंडं, आणि जवळपास प्रत्येक गुहेत वेगळी टोळी: कुठे कोबोल्ड, कुठे गोब्लिन, ओर्कांच्या दोन टोळ्या, एका चक्रव्यूहात मिनोटॉर, एका गुहेत दुष्ट पुजाऱ्यांचं देऊळ. घळीपासून काही अंतरावर, रानाच्या अलीकडे, एक दगडी कोट. माणसांच्या राज्याचं ते शेवटचं ठाणं.

गॅरी गायगॅक्सचं ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ते हेच. 1980 च्या सुमारास ते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या बेसिक सेटच्या खोक्यातच घालून विकलं जाई, त्यामुळे अमेरिकेत एका अख्ख्या पिढीने या खेळातली आपली पहिली मोहीम याच कोटातून काढली. मी ते पुण्यात, मराठीतून, चार वेळा चालवलं आहे. पहिल्या वेळी चुकलं. त्या चुकीपासून या पुस्तकाची सुरुवात झाली, म्हणून तिथवर येण्यापुरतं थोडं मागचं सांगतो.

हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून निघाला. तीन छोट्या पुस्तिका एका खोक्यात, पहिली आवृत्ती 1000 प्रतींची. लेखक दोन: गायगॅक्स आणि मिनेसोटाचा डेव्ह आर्नेसन. दोघेही छोट्या सैनिक-बाहुल्या मांडून लढाया खेळणाऱ्यांपैकी. आर्नेसनने आपल्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात ज्या गोष्टी रुजवल्या त्यांतली सर्वांत मोठी ही, की खेळाडूने सबंध फौज न चालवता एकच माणूस व्हायचं आणि त्या माणसाने जमिनीखालच्या भुयारात उतरायचं. एक जण डंजन मास्टर, बोलण्यात नुसता डीएम. तो जग सांगतो. बाकीचे ‘मी काय करतो’ ते सांगतात. जिथे निकाल अनिश्चित, तिथे फासा टाकायचा. जिंकणं-हरणं नाही, पट नाही, सोंगट्या असल्या तरी चालतात, नसल्या तरी अडत नाही. आपल्याकडे बऱ्याच मुलांनी हा खेळ पहिल्यांदा ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेत पाहिला आणि मग फासे मागवले. त्यांच्या हातात येतात ते 2014 च्या किंवा त्यानंतरच्या पाचव्या आवृत्तीचे नियम. आणि थोड्याच दिवसांत त्यांना कळतं, की या खेळाच्या पोटात पन्नास वर्षांच्या छापील मोहिमा साठलेल्या आहेत.

या मोहिमांना मॉड्यूल म्हणतात. जागेचा नकाशा, खोल्यांची क्रमवार वर्णनं, तिथे कोण राहतं, काय दडवलेलं आहे, कुठे सापळा आहे, एवढा ऐवज. 1975 च्या ‘ब्लॅकमूर’ पुरवणीत आर्नेसनचं ‘टेंपल ऑफ द फ्रॉग’ छापलं गेलं, ते अशा छापील मोहिमांमधलं पहिलं. पुढे दहा वर्षांत शेकडो आल्या. त्यांतल्या काही आजही खेळल्या जातात. काही नव्या रूपात पुन्हा छापल्या जातात: 2017 मध्ये ‘टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल’ या एका जाड पुस्तकात सात जुन्या मोहिमा पाचव्या आवृत्तीसाठी आल्या, 2019 मध्ये ‘घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श’ आलं, आणि गुडमन गेम्स या प्रकाशनसंस्थेने ‘कीप’सकट कितीतरी जुनी मॉड्यूल्स मूळ पानांच्या छायाप्रती आणि नवं रूपांतर शेजारी-शेजारी ठेवून काढली. म्हणजे जुनं काढून नवं खेळणं ही काही चार हौशी लोकांची खोड राहिलेली नाही. कामाला सुरुवात कशी करायची, एवढाच प्रश्न उरतो.

माझ्या पहिल्या वेळी मी सर्वांना सुचतं तेच केलं. आकडे बदलले. जुन्या कोबोल्डाच्या जागी पाचव्या आवृत्तीचा कोबोल्ड, जुन्या ओर्काच्या जागी नवा ओर्क, सापळ्यांची इजा नव्या मापाने. वहीत दोन रकाने पाडून आठवडाभर बसून हे सगळं केलं. टेबलावर माझी भाची, तिच्या कॉलेजातल्या तीन मैत्रिणी आणि माझा एक जुना मित्र. तिसऱ्या शनिवारी ते कोबोल्डांच्या गुहेत अगदी आतल्या मोठ्या खोलीपर्यंत पोहोचले. लढणारे सगळे पडले होते. मूळ मजकुरात त्या खोलीत माद्या आणि पिल्लं आहेत. पिल्लं लढत नाहीत, एवढं लिहून गायगॅक्स पुढे जातो. मीही तेवढंच सांगितलं. टेबलावर कोणी बोलेना. मग भाचीने विचारलं, “मामा, यांचे पॉइंट मिळतात का?”

तिच्या आवाजात क्रौर्य नव्हतं. ती हिशेब विचारत होती, कारण तीन शनिवार मी तिला तोच हिशेब शिकवला होता: जो मारला त्याचे पॉइंट. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री खेळ तिथेच थांबवला आणि घरी सगळे गेल्यावर जुने नियम काढून बसलो. तेव्हा जे दिसलं ते आधी का दिसलं नाही याची आजही चुटपुट लागते.

1981 च्या बेसिक नियमांत एक कोबोल्ड मारल्याचे 5 पॉइंट मिळतात. ओर्काचे 10. आणि फायटरला दुसऱ्या लेव्हलवर जायला 2000 पॉइंट लागतात. एकट्याने मिळवायचे म्हटले तर 400 कोबोल्ड कापावे लागतील, आणि त्या फायटरच्या अंगात पहिल्या लेव्हलला जास्तीत जास्त आठ-दहा घावांची ताकद. हे शक्यच नाही. मग लोक वर चढत कसे? सोन्याने. जुन्या खेळात गुहेतून सुखरूप बाहेर आणलेल्या दर सोन्याच्या नाण्याला एक पॉइंट मिळे. सगळी कमाई तिथे होती. म्हणून जुना खेळाडू लढाई टाळायचा. गोब्लिनांशी बोलणी करायचा, ओर्कांच्या दोन टोळ्या एकमेकींवर घालायचा, रात्री चोरून आत शिरायचा, खंडणी ठरवायचा. भेटलेला प्राणी शत्रूच असेल असंही नव्हतं. दोन फासे टाकून त्याचा पवित्रा ठरे, आणि अर्ध्याहून जास्त वेळा तो लगेच अंगावर येत नसे. लढाई लागलीच तरी धीर सुटायचा नियम होता: टोळीतले काही पडले की बाकीचे पळून जाऊ शकत. ‘कीप’च्या गुहा या नियमांच्या भरवशावर भरलेल्या आहेत. इतक्या टोळ्या इतक्या जवळजवळ का ठेवल्या, याचं उत्तर तिथे आहे. ते एकमेकांचे शेजारी आहेत आणि शेजाऱ्यांत भांडणं असतात.

मी प्राण्यांचे आकडे नव्या नियमांत आणले आणि बक्षीस मात्र नव्या खेळाचं ठेवलं, ज्यात मारण्याचे पॉइंट आहेत. त्यामुळे राजकारणासाठी रचलेली घळ माझ्या टेबलावर कत्तलखाना झाली. नियम बदलताना गायगॅक्सच्या मजकुरातला एक शब्दही मी बदलला नव्हता. तरीही तो मजकूर काही वेगळंच सांगू लागला होता.

मराठी वाचकाला ही अडचण नवी वाटू नये. आपल्या रंगभूमीने हे काम शंभराहून अधिक वर्षं केलेलं आहे. आगरकरांनी 1883 मध्ये ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली. त्या शेवटच्या नाटकापाशी मला नेहमी थांबावंसं वाटतं. मूळ नाटकाचा सगळा डोलारा लंडनच्या रस्त्यावरच्या उच्चारांवर उभा आहे, आणि ते उच्चार मराठीत आणताच येत नाहीत. पुलंनी ते उच्चार आणले नाहीत. ते उच्चार त्या नाटकात कोणतं काम करतात हे पाहिलं आणि मराठीत ते काम कोणती बोली करते ते शोधलं. जुन्या मोहिमेला हात लावणाऱ्या डीएमने हेच करायचं असतं. प्रत्येक विचित्र गोष्टीपाशी थांबून विचारायचं, ही इथे कशाला ठेवली असेल?

उजेडाचं उदाहरण घ्या. जुन्या नियमांत वेळ दहा-दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजला जाई. मशाल सहा टर्न जळे, म्हणजे तासभर. दर दोन टर्ननी डीएम फासा टाकून पाहायचा की अंधारातून काही भटकत येतंय का. सहात एक शक्यता. खोली झाडून-झटकून शोधली तर एक टर्न गेला. जड चिलखत घातलं तर चाल मंद, म्हणजे अजून टर्न गेले. मशाली किती घ्यायच्या आणि त्यांच्या वजनापायी किती सोनं मागे टाकायचं, यावर टेबलाभोवती खरीखुरी खडाजंगी व्हायची. पाचव्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलचा जादूगार एक साधा मंत्र म्हणून हवा तितक्या वेळा फुकट उजेड पाडतो, आणि निम्म्या वंशांना अंधारात दिसतंच. मग जुन्या पानावरचा अंधार हा फक्त वर्णनाचा भाग उरतो. जखमांचंही तेच. पूर्वी पूर्ण दिवस विश्रांती घेतली तर एक ते तीन घाव भरून येत. 2014 च्या नियमांनी रात्रभर झोपलं की माणूस ठणठणीत. जुन्या खेळात जखमी टोळी कोटात परत येऊन आठ-दहा दिवस पडून राही, आणि तेवढ्या दिवसांत गुहांमधले लोक शहाणे होत, पहारे वाढवत, मेलेल्यांच्या जागी नवे आणत. गायगॅक्सने तशा सूचना पुस्तिकेतच दिलेल्या आहेत. कोट आणि घळ यांच्यामधलं हे जाणं-येणं हाच त्या मोहिमेचा श्वास आहे. तो परत आणायला सगळे जुने नियम आणावे लागत नाहीत. मी दुसऱ्या वेळी दोनच गोष्टी केल्या: पॉइंट फक्त बाहेर आणलेल्या सोन्याचे, आणि पूर्ण विश्रांती फक्त कोटाच्या भिंतींच्या आत. बाकी सगळा खेळ नवा ठेवला. चौथ्या शनिवारी त्याच भाचीने गोब्लिनांच्या नायकाशी जकातीचा करार केला.

सगळं दबावाचं गणित असंच सोप्या नियमांनी परत आणता येतं असं नाही. काही मॉड्यूल मुळात वेगळ्याच टेबलासाठी लिहिलेली आहेत. ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे एका थडग्याचं मॉड्यूल 1978 मध्ये छापलं गेलं, पण गायगॅक्सने ते 1975 मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या पहिल्या ओरिजिन्स मेळाव्यासाठी चालवलं होतं, स्पर्धा म्हणून. अनोळखी लोक, मर्यादित तास, तयार करून दिलेली पात्रं, कोणता गट कुठवर पोहोचला याची नोंद. तिथे हिरव्या राक्षसमुखाच्या उघड्या जबड्यात हात घालणारा क्षणात नाहीसा होतो, आणि ते योग्यच आहे, कारण संध्याकाळी तो खेळाडू आपल्या घरी जाणार असतो आणि ते पात्र त्याचं नसतंच. हेच पान वर्षभर चाललेल्या मोहिमेत, जिथे प्रत्येकाने आपल्या पात्राची आई-बहीणसुद्धा ठरवून ठेवली आहे, जसंच्या तसं आणणं म्हणजे माणसांशी बेइमानी आहे. 1978 ची राक्षसांविरुद्धची तीन मॉड्यूल्स, त्याच सुमाराची ‘हिडन श्राइन ऑफ टामोआचान’, गुलामांच्या व्यापाऱ्यांविरुद्धची चार मॉड्यूल्स, ही सगळी मेळाव्यांतल्या स्पर्धांतून आलेली आहेत. त्यांतल्या पुष्कळशा गोष्टी, म्हणजे विषारी वायूने भरलेलं देऊळ आणि त्यामुळे घड्याळाशी झटापट, किंवा सगळी शस्त्रं काढून घेऊन कैदेत सुरू होणारी मोहीम, स्पर्धेच्या गरजेतून सुचलेल्या आहेत. त्या उत्तम आहेत. पण त्यांना एका संध्याकाळीच चालवावं, आणि आपल्या मोठ्या मोहिमेत आणायचंच तर आधी खेळाडूंना मोकळेपणाने सांगावं की या दरवाजामागे मरण आहे. गायगॅक्सच्या टेबलावर खेळणाऱ्या रॉब कुंट्झचं रोबिलार हे पात्र त्या थडग्यातून बाहेर आलं ते आपल्या ओर्क चाकरांना पुढे घालून, ही कथा या खेळातल्या लोकांना पाठ आहे.

पिल्लांच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो, कारण तो पॉइंटांच्या हिशेबाने पूर्ण सुटत नाही. ‘कीप’मध्ये माणसांचं ठाणं आहे आणि पलीकडे जे राहतात ते सगळे मारण्याजोगे आहेत, हे त्या पुस्तिकेने धरून चालल्यासारखं आहे. अमेरिकेच्या सरहद्दीच्या कथा ज्या मनात मुरलेल्या आहेत त्या मनाने ती रचली आहे. हे ओळखून आजचे कित्येक डीएम जुनी मॉड्यूल्स बाजूला टाकतात. मला ते पटत नाही, आणि त्याचं एक कारण त्याच काळातल्या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये आहे. ब्रिटनमध्ये डेव्ह ब्राउन आणि डॉन टर्नबुल यांनी 1981 मध्ये ‘द सिनिस्टर सीक्रेट ऑफ सॉल्टमार्श’ लिहिलं. किनाऱ्यावरचा भुताचा वाडा, आणि त्या भुतांमागे चोरटा व्यापार करणारे. 1982 मध्ये पुढचा भाग आला, ‘डेंजर ॲट डनवॉटर’. त्यात खेळाडू शस्त्रं परजत सरडेमानवांच्या वस्तीत शिरतात, कारण ते हल्ल्याची तयारी करताहेत असं दिसतं. आणि उशिरा कळतं की ती तयारी समुद्रातल्या वेगळ्याच, दोघांच्याही शत्रूविरुद्ध आहे. त्या वस्तीत ज्यांनी आधी तलवार चालवली आणि मग विचारलं, त्यांना त्याची किंमत मोजावी लागते. 40 वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे हे. जुनं म्हणजे भाबडं, हा समज त्या पानांवर टिकत नाही.

म्हणून ‘कीप’ फेकून देण्याऐवजी मी तिसऱ्या वेळी घळ आधी कोणाची होती हे ठरवलं. गुहांतल्या लोकांना नावं दिली. कोटातल्या माणसांना नावं द्यायची वेळ आलीच होती, कारण गायगॅक्सने तीही दिलेली नाहीत: कोटाचा प्रमुख, कारभारी, पुजारी, पहाऱ्याचा नाईक, सगळे हुद्द्यानेच ओळखले जातात. ही पुस्तिका मराठीत चालवताना त्याचा मला फार फायदा झाला. प्रमुख आपोआप किल्लेदार झाला. मग टेबलावर कोणीतरी सबनीस कुठे आहे विचारलं, आणि कोटाच्या हिशेबांवर नजर ठेवणारा एक माणूस तयार झाला, त्याच्याशी न पटणारा सरनोबतही झाला. सह्याद्रीतले गड चढत वाढलेल्या मुलांना दगडी दरवाजाच्या आतलं जग समजावून सांगावं लागत नाही. संध्याकाळी दरवाजा बंद होतो आणि उशिरा येणारा रात्रभर बाहेर राहतो, हा नियम मी घातला तेव्हा एक मुलगी लगेच म्हणाली, “म्हणजे हिरकणीसारखं.” त्या एका नियमाने रान आणि कोट यांच्यात जे अंतर निर्माण झालं ते मशालींच्या हिशेबानेही झालं नसतं. कोट मात्र मी सह्याद्रीत आणून ठेवला नाही. तो त्याच्याच जगात आहे; आमच्या टेबलावर त्या जगाची भाषा मराठी आहे एवढंच.

‘ब्री-यार्क’ हा शब्द मात्र मी तसाच ठेवला. गोब्लिनांवर संकट आलं की ते शेजारच्या गुहेतल्या राक्षसाकडे 250 सोन्याच्या नाण्यांची थैली फेकतात आणि हा शब्द ओरडतात. खेळाडूंना ती शरणागती वाटते, प्रत्यक्षात ती मदतीची हाक असते. मूळ विनोद अमेरिकन जत्रेतल्या बोलीवर आहे, तो आपल्याला लागणार नाही. पण चार टेबलांवर चारही वेळा मुलांनी तलवारी खाली केल्या, आणि मग जमीन हादरू लागली.

रूपांतराचं सर्वांत मोठं आणि उघड उदाहरण ‘रेव्हनलॉफ्ट’चं. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या पती-पत्नींनी हॅलोवीनला आपल्या घरी वर्षानुवर्षं खेळून पाहिलेली मोहीम 1983 मध्ये छापली गेली. आधीच्या भुयारांत व्हॅम्पायर हा एका खोलीतला एक प्राणी असे, कशासाठी तिथे आहे कोणी विचारत नसे. त्यांनी विचारलं. त्यांचा व्हॅम्पायर स्ट्राड हा किल्ल्याचा मालक झाला, त्याला भूतकाळ आला, एक हरवलेली स्त्री आली. आणि त्यांनी पत्त्यांची एक युक्ती केली: सुरुवातीला भविष्य सांगणारी बाई पत्ते काढते आणि त्या पत्त्यांवरून ठरतं की मंतरलेलं शस्त्र कोणत्या दालनात आहे आणि स्ट्राडला नेमकं काय हवं आहे. म्हणजे त्या मॉड्यूलमध्ये बदलाची सोय लेखकांनी आधीच करून ठेवली होती. 32 पानांच्या त्या पुस्तिकेचं 2016 मध्ये ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या 256 पानांच्या पुस्तकात रूपांतर झालं. किल्ल्याभोवतीची अख्खी दरी, गावं, लोक आले. आणि चार वर्षांनी, 2020 मध्ये, त्यातल्या भटक्या विस्तानी लोकांचं चित्रण प्रकाशकांनी पुन्हा दुरुस्त केलं, कारण ते रोमा समाजाविषयीच्या जुन्या दुष्ट समजुतींवर उभं होतं. काही चाहत्यांना हा बदल टोचला. माझ्या मते तो आवश्यक होता, आणि त्याने किल्ला तसूभरही खिळखिळा झाला नाही. कथेला ज्याची गरज आहे आणि लेखकाच्या काळाने नकळत जे तिच्यात सोडलं, त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या काढणं हे रूपांतरकाराचं खरं कौशल्य.

नकाशांना मात्र हात लावताना दहा वेळा विचार करावा. जेनेल जॅक्वेज यांचं 1979 चं ‘केव्हर्न्स ऑफ थ्रेसिया’ पाहा. आत शिरायच्या वाटा अनेक, खालच्या मजल्यावर नेणारे रस्ते अनेक, एका दालनातून निघालेलं भुयार फिरून मागच्याच ठिकाणी येतं. खेळाडू खरोखर निवड करतात, आणि शत्रूलाही पाठीमागून येता येतं. आज अनेक जण जुनं मॉड्यूल चालवताना वेळ वाचवायला अशी भुयारं सरळ करून टाकतात, खोली एक, खोली दोन, खोली तीन. असं केल्यावर मग त्या मॉड्यूलमध्ये उरतं काय, हे मला कळलेलं नाही.

आता या पुस्तकाविषयी. यात पाच जुन्या मोहिमा घेतल्या आहेत आणि प्रत्येकीसाठी मी टेबलावर प्रत्यक्ष करून पाहिलेले बदल लिहिले आहेत. फसलेलेही, कारण ते जास्त शिकवतात. मूळ मजकूर यात नाही. तो ज्यांचा आहे त्यांच्याकडून विकत घ्यावा, बहुतेक जुन्या मॉड्यूलच्या अधिकृत पीडीएफ आज माफक किमतीत मिळतात. घरच्या टेबलावर काहीही बदला. बदललेलं विकायला काढायचं असेल तर हक्कांचे नियम आधी वाचा. आकड्यांचे तक्ते शेवटी, थोडक्यात दिले आहेत; ते काम एका दुपारचं आहे आणि त्याच्यासाठी पुस्तक लिहायची गरज नव्हती.

क्रमाविषयी एक सांगायचं आहे. पहिलं प्रकरण ‘कीप’चं नाही, माइक कारच्या ‘इन सर्च ऑफ द अननोन’चं आहे. क्वास्केटन नावाच्या ओसाड गढीची ती मोहीम नवशिक्या डीएमसाठी लिहिलेली होती. खोल्यांची वर्णनं कारने दिली, पण त्या खोल्यांत कोण राहतं आणि कोणता खजिना आहे यासाठी पानावर कोऱ्या ओळी सोडल्या. मागे प्राण्यांची आणि खजिन्यांची यादी. तुम्ही निवडायचं आणि पेन्सिलीने भरायचं. जुन्या प्रती हाताशी आल्या तर त्या ओळींत कुणा अनोळखी डीएमचं अक्षर सापडतं, खाडाखोड केलेलं, एका मोहिमेनंतर पुसून दुसरीसाठी पुन्हा लिहिलेलं. जुन्या मोहिमेला हात लावायची परवानगी आहे का, असं मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ती पानं दाखवतो.

या पुस्तकाच्या प्रत्येक पानाला बाहेरच्या बाजूने रुंद समास सोडला आहे, आणि कागद पेन्सिल चालेल असा निवडला आहे. तुमच्या घळीत कोण राहतं ते तिथे लिहा.